पितळी पाटीवरचे गोल अक्षर

फिलाडेल्फियाच्या वरिष्ठ न्यायालयाने केझाया पिमचा दावा मंगळवारी अकरा मिनिटांत निकालात काढला. साल १८३८. मी घड्याळ बघून टिपले; आमच्या दैनिकाची तशी रीत होती.

दावा बदनामीचा होता. केझाया चामड्याचे व्यापारी ऑगस्टस व्हेनबर्ग यांच्या घरी सहा वर्षे धुण्याला आणि वरकामाला होती. चांदीची पळी दिसेना, तेव्हा व्हेनबर्गांनी तिला भर बाजारात ‘चोरटी’ म्हटले. चार दिवसांनी पळी चांदीकाम करणाऱ्याकडे सापडली; बाईसाहेबांनीच मोडक्या दांड्याला डाग देऊन जोडायला पाठवली होती. व्हेनबर्गांनी शब्द मागे घेतला नाही. केझायाला कोणी उंबऱ्याच्या आत घेईना. ज्यूरीच्या बारा जणांनी तिच्या बाजूने कौल दिला, तेव्हा कुठे पाववाल्या मिसेस डॉबिन्सनी तिला कामावर घेऊन मागच्या दाराची किल्ली दिली.

अपिलात व्हेनबर्गांच्या वकिलांनी एक कागद काढला. त्यांचे अशील नऊ वर्षांपासून युरोपातल्या एका राजाचे कॉन्सल होते. बंदरात त्या राजाच्या व्यापाराचे हित बघत होते. कॉन्सलवरचा दावा केंद्राच्या कोर्टातच चालतो, राज्याच्या कोर्टाला तो ऐकण्याचा अधिकार नाही.

“खालच्या कोर्टात हे का नाही सांगितलं?” न्यायमूर्तींनी विचारले.

“कोणी विचारलं नाही, महाराज. धंदा विचारला, तो चामड्याचा सांगितला. खोटं काय त्यात?”

न्यायमूर्तींना ते रुचले नाही, पण निकाल व्हेनबर्गांच्याच बाजूने दिला. हा हक्क व्हेनबर्गांचा नाही, त्यांच्या राजाचा आहे. नोकर गप्प बसला म्हणून धन्याचा हक्क बुडत नाही. ज्यूरीचा कौल रद्द.

“मला चोरटी राजा म्हणाला होता का?” बाहेर आल्यावर केझायाने आपल्या वकिलांना, ट्रिम्बलना, विचारले.

“कायदा आहे, केझायाबाई.”

“मग चला त्या केंद्राच्या कोर्टात. कुठंय ते?”

“दोन गल्ल्या पलीकडे. पण बदनामीच्या दाव्याची मुदत संपली. इथंच तीन वर्षं गेली.” ट्रिम्बल वैतागले. “त्यांच्या दारावर ‘कॉन्सल’ म्हणून एवढी मोठी पितळी पाटी आहे. सहा वर्षं तुम्ही तिथं होतात. तुम्ही तरी सांगायचं!”

“दर शनिवारी मीच घासायचे ती. व्हिनेगर आणि मीठ लावून. वर काय लिहिलंय ते मला काय कळणार? आणि समन्स घेऊन तुम्हीच गेला होतात ना त्या दारात? तुम्हाला तर वाचता येतं.”

ट्रिम्बल टोपी घालून निघून गेले.

बातमीत मी पळी कुठे सापडली तेही लिहिले होते. संपादकांनी जागेअभावी एकच ओळ ठेवली: पिम हिच्या बाजूचा कौल रद्द. शुक्रवारी मिसेस डॉबिन्सनी किल्ली परत मागितली.

“तुझ्यावर संशय नाही गं माझा,” त्या म्हणाल्या. “पण छापून आलंय.”

केझाया तशीच आमच्या कचेरीत आली. मला वाटले, भांडेल. तिने मला पाटीवरचा तो शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितला. मी ‘कॉन्सल’ लिहून दिले. इंग्रजीतले ते दुसरे, गोल अक्षर तिने बोटाने दाबले.

“हे,” ती म्हणाली. “ह्याच्या पोटात काळं साचायचं. ते काढायला काडी लागायची.”