ड्यूटीवर पान्सित खायचं नसतं

ड्यूटीवर पान्सित खायचं नसतं, हे हर्मिनियाला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजात नाडी शिकवतात, सलाइनचे थेंब शिकवतात, हे कोण शिकवणार? पण इलोइलो शहरातल्या त्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या मेडिकल वॉर्डात, झाडूवाल्या बाईलासुद्धा ठाऊक होतं: नर्सनं ड्यूटीवर शेवया खाल्ल्या की त्या शेवयांसारखीच पेशंटांची रांग लागते, ओढाल तेवढी येतच राहते. आणि ही भोळी बया आपल्या चोविसाव्या वाढदिवसाला आईच्या हातचं पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, घेऊन आली. वाढदिवसाला लांब शेवया खाल्ल्या की आयुष्य लांबतं, एवढंच तिला माहीत. बाकी कुणी हात लावला नाही. तिला वाटलं, लाजतायत. म्हणून एकटीच बसून पोटभर जेवली.

तिनं हात धुतले आणि खालून फोन आला. संध्याकाळपर्यंत अकरा भरती. त्यातले सात डेंग्यूचे. बेड चारच्या म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं, सगळ्यांनी मिळून छाती दाबदाबून परत आणलं. म्हातारा वाचला, पण दुसऱ्या दिवसापासून हर्मिनियाचं नाव पडलं पनौती.

नाव पाडलं मानांग नेरिसानं. मानांग म्हणजे थोरली बहीण. वयानं मोठी असेल तिला मानांगच म्हणायचं, मग ती बहीण तुमचं रक्त का पिईना. सतरा वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई. तिनं हसायचं ठरवलं की सगळे हसायचे. हर्मिनिया दारात दिसली की रॉडेल नावाचा नर्स अपशकुन टळावा म्हणून टेबलाच्या लाकडावर तीनदा टकटक करायचा. "हिच्या बसायच्या जागी जन्मखूण आहे बघा, म्हणून ही अशी अपशकुनी," असं म्हणायचा, आणि पुरुष असून बायकांपेक्षा मोठ्यानं खिदळायचा. तिला सोडून बाकीच्यांचा मोबाइलवर वेगळा ग्रुप झाला. तिच्याबरोबर ड्यूटी लागली की लोकांना ताप यायला लागला.

हेही तिनं गिळलं असतं हो! पण कामाचं काय? ड्यूटी बदलताना जाणाऱ्या नर्सनं येणाऱ्या नर्सला बेडोबेड नेऊन सांगायचं असतं: याला काय दिलं, काय द्यायचंय, काय चालत नाही. हिला मात्र नेरिसा दुरूनच सांगायची, "बेड नऊ, म्हातारी, साखर. पुढे." एका सकाळी ती त्या म्हातारीला इन्सुलिन टोचणार, सुई कातडीला टेकलेली, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "अगं बाई, आत्ताच तर दिलं की त्या दुसरीनं!" फाइलीत सही नव्हती. हर्मिनियानं सुई मागे घेतली.

"मानांग, तुम्ही सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू विचारायला हवं होतंस," नेरिसा म्हणाली, आणि चहा ढवळत राहिली.

सहा महिन्यांची कच्ची नोकरी पक्की व्हायची होती, त्या कागदावर महिनाअखेरीला नेरिसाचीच सही लागणार होती. हर्मिनिया पुढच्या बेडकडे वळली.

मग सोमवारी फेसबुकवर तो फोटो आला. नर्सलोकांचं एक निनावी पान होतं, तिथे. वाढदिवसाची हर्मिनिया, तोंडातून शेवया लोंबतायत, डोक्यावर काढलेली शिंगं, आणि खाली लिहिलेलं: "हिची ड्यूटी असेल तर घरीच मरा, तेवढंच रिक्षाचं भाडं वाचेल." तीन हजार लोक हसले होते. कुणी टाकला ते लिहिलेलं नव्हतं, पण फोटो ज्या कोपऱ्यातून काढलेला होता तिथे एकच खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर नेरिसाशिवाय कुणाची बसायची छाती नव्हती.

मंगळवारी दुपारी हर्मिनियानं तो पुन्हा उघडला. आपली जखम आपणच उकरतो तसं. लोकांनी लिहिलेल्या सगळ्याच्या शेवटी आईनं लिहिलं होतं.

"ही माझी धाकटी. पान्सित मी केलेलं. इतके लोक हसून कौतुक करतायत, बरं वाटलं. माझ्या लेकीला सांभाळून घेता, देव तुमचं भलं करो. नानाय सोलेदाद, ग्विमारास."

त्याच्याही खाली हसणारे चेहरे. दोनशे.

हर्मिनिया संडासात कडी लावून रडली. शरमेनं नाही, रागानं. तिला मारा, झोडा, पण त्या बाईला? पंधरा वर्षं ग्विमारास बेटाच्या धक्क्यावर पान्सित विकून जिनं हिला नर्स केलं, आणि येणाऱ्या प्रत्येक होडीतल्या माणसाला जी सांगते, माझी लेक मोठ्या हॉस्पिटलात, सगळे तिला जीव लावतात? आईला कळता कामा नये. नोकरी गेली तरी चालेल, पण हे कळता कामा नये.

तिनं आईला फोन केला. "नानाय, ते लिहिलेलं काढून टाक ना."

"का गं? फोटो छान आलाय. जरा बारीक दिसतेस."

गुरुवारी सकाळी दहाला वॉर्डाचं दार उघडलं आणि नानाय सोलेदाद आत आली. चर्चला जायचा झगा, पायांत ओल्या चपला, आणि हातांत बांबूचं मोठं सूप, केळीच्या पानानं झाकलेलं. वास आधी पोचला. लसूण, कोळंबी, वरून लिंबू.

"इंदाय!" आईनं लेकीला लाडाची हाक मारली आणि सूप सरळ नर्सांच्या टेबलावर ठेवलं. "यातल्या मानांग नेरिसा कोण?"

"मी," नेरिसा म्हणाली. खुर्चीतून उठली नाही.

"लेक सारखं तुमचंच नाव घेते." आईनं पिशवीतून बशी काढली, गच्च भरली आणि पुढे केली. "घ्या."

"ड्यूटी आहे, नानाय. नंतर खाऊ."

"नंतर गार होतं. गार पान्सित मी गिऱ्हाइकाला देत नाही, तुम्हाला देईन?"

"मी डाएटवर आहे," रॉडेल घाईघाईनं म्हणाला.

"तू? अरे, तुझी हाडं मोजता येतात!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रॉडेलचा हात आपसूक टेबलावर गेला. टक, टक, टक.

"काय ठोकतोस रे?" आईनं विचारलं.

रॉडेलनं हात मागे घेतला. आईचा हात पुढे तसाच, बशी हवेत. हर्मिनियाला कळलं, आता कुणीतरी तोंड उघडणार, एक शब्द, आणि संपलं. ती नेरिसाच्या खुर्चीपाशी गेली, वाकली आणि कानात म्हणाली, "मानांग, सही नका करू. आजच राजीनामा देते. पण तिची बशी परत नका करू. पाया पडते."

नेरिसानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मग हात पुढे करून बशी घेतली. एक घास खाल्ला. दुसरा. बशी संपेपर्यंत ती थांबली नाही, आणि तिनं नुसतं पाहिल्याबरोबर रॉडेलनंही बशी उचलली. मग बाकीच्यांनी.

आणि फोन वाजला.

सगळ्यांचे घास थांबले. सगळ्यांचे डोळे, सवयीनं, हर्मिनियाकडे वळले. आई त्या डोळ्यांकडे पाहत होती. नेरिसानं फोन उचलला, ऐकलं, ठेवला.

"चार येतायत," ती म्हणाली. "बघत काय बसलात? बेड करा!" मग तोंड पुसत हर्मिनियाकडे वळली. "पहिली बाई तुझी. साठ वर्षं, न्यूमोनिया, धाप जास्त आहे, ऑक्सिजन आधी लावून ठेव. पेनिसिलिन चालत नाही. लिहून घे. रात्री खाली दिलं होतं, अंगभर गांधी उठल्या. लिहिलंस?"

"लिहिलं, मानांग."

रिकामं सूप घेऊन आई निघाली. हर्मिनिया जिन्यापर्यंत गेली. उसनं हसू आणून म्हणाली, "बघितलंस ना, नानाय? किती जीव लावतात."

आईनं सूप काखेत घट्ट धरलं.

"इंदाय, मी शेवया विकते. आंधळी नाही. फोटोखालचं सगळं वाचलंय. दोन दिवस वाचत होते."

"मग ते आभार? देव भलं करो?"

"मग काय शिव्या लिहू? तुझ्या कागदावरची सही तिच्या हातात आहे ना?" आईनं झग्याच्या खिशातल्या रुमालानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच जोरात. "ज्या पान्सितला हसले, तेच त्यांना माझ्यासमोर खायला लावायचं होतं. खाल्लं त्यांनी. आता आत जा, त्या बाईला धाप लागलीय."