पायथ्याचा पांढरा दगड

मित्रांनो, मी एक जुनी दगडांची रास आहे. कुणी मला ढीग म्हटलं की राग येतो. ढीग कुणीही टाकतं; मला नीट रचलं आहे. माणसाच्या हाती अजून लोखंडही आलं नव्हतं, तेव्हा या उघड्या टेकडीच्या माथ्यावर एका लहान मुलीला पुरलं. तिच्यावर मोठी शिळा आडवी ठेवली आणि शिळेवर मला रचलं. शिळेचा एक कोपरा काही केल्या टेकेना. तेव्हा तिच्या आईने खालच्या नदीतून एक पांढरा दगड छातीशी धरून वर आणला आणि त्या कोपऱ्याखाली बसवला. मग ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. माझं काम एकच होतं: त्या पोरीला पाऊस लागू द्यायचा नाही.

ते मी इमानेइतबारे केलं. ऊन, वारा, गारा, सगळं अंगावर घेतलं. गुराखी माझ्या आडोशाला बसत. वाट चुकलेले लोक मला दुरून पाहून म्हणत, "ती बघ रास, आता घर आलंच." तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे हौसेने टेकड्या चढणारे येऊ लागले. त्यांनी एक रीत पाडली. येताना खालून एक दगड आणायचा आणि माझ्या माथ्यावर ठेवायचा. रीत चांगलीच होती, पण चढण दमछाक करणारी. हळूहळू लोक रिकाम्या हाताने येऊ लागले आणि माझ्याच बुडातला दगड उपसून माथ्यावर ठेवू लागले. रीतही पाळली गेली आणि खांदेही दुखले नाहीत! मी उंच होत गेले. "केवढी वाढली ही!" म्हणत लोक फोटो काढत. मला वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं, की अरे, मी खालून पोकळ होत चालले आहे.

एका दुपारी एक शिंपी आणि त्याची बायको दुकान बंद ठेवून वर आली. बायकोच्या पिशवीत खालून आणलेला दगड होता.

"अगं, वर काय दगडांचा दुष्काळ पडलाय?" शिंपी धापा टाकत म्हणाला. "उगाच ओझं!"

"कुणाच्या दारी रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि तुम्ही गळ्यातली टेप तेवढी घरी ठेवायला विसरलात!"

शिंप्याने मला नजरेनेच मापलं. "छाती भरलीय, पण कंबर पार गेलीय हिची," तो हसून म्हणाला. एवढं दिसूनही त्याचा हात माझ्या बुडाशीच गेला. त्याला पांढरा दगड आवडला होता.

"इतका देखणा दगड आणि खाली दडलाय! याची जागा वर."

"अहो, राहू द्या..."

ती पुढे बोलेपर्यंत त्याने दगड उपसला. शिळा कलली आणि तडकली. माझे दगड घरंगळले, आणि पांढरा दगड त्याच्या हातून निसटून उतारावरून खाली गेला तो गेलाच. धूळ बसल्यावर दोघांनी फटीतून आत पाहिलं. आत शिंपल्यांचे बारीक मणी होते आणि एका चिमुकल्या हाताची हाडं.

"अहो, लेकरू आहे हे कुणाचं तरी," बायको हळूच म्हणाली.

शिंपी फटीशी वाकून पुटपुटला, "मला वाटलं, नुसते दगडच आहेत गं."

बायकोने पिशवीतला दगड फटीत बसवून पाहिला. तो लहान पडला. मग दोघांनी हात सोलवटेपर्यंत घरंगळलेले दगड जमतील तसे लावले. निघताना शिंपी मागे वळून म्हणाला, "चुकलं आमचं, पोरी." मला त्याच्यावर रागावता आलं नाही. आजवर मला मोडायला कुणीच आलं नव्हतं. सगळे मला मोठं करायलाच आले होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या राशींना भेटायला जरूर या. दगड आणला नाहीत तरी चालेल, पण आमच्यातला एकही हलवू नका. तो कुणी, कशासाठी तिथे ठेवला, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

इतका काळ मी त्या पोरीला कोरडं ठेवलं होतं. आता पाऊस आला की तो थेट तिच्यावर टपकतो, आणि मी वर बसून नुसती ऐकत राहते.