पाचवा गिअर

“पाच गिअर? लोणचं घालायचं व्हय एवढ्या गिअरांचं?” इंदापुरात हायवेला लागून असलेल्या सिद्धू मिस्त्रीच्या गॅरेजात सोपान गरजला. सिद्धूने तोंड उघडायच्या आतच त्याने पुढचेही ऐकवले, “तुला काय कळतंय!”

गाडी इंद्रजितची. जुनी, चार गिअरची पिकअप. त्याच्या वडिलांनी ती घेतली त्या दिवसापासून सोपान तिच्यावर ड्रायव्हर. निमगाव केतकीच्या वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन उचलायचे आणि बारामतीला टाकायचे, यात उमर गेली. दर फर्लांगाला थांबायचे, त्यामुळे तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच क्वचित यायची. आता इंद्रजितला डाळिंबे घेऊन पुण्याला जायचे होते. हायवेवर पळवली की चौथ्यात इंजिन बोंबलायचे, डिझेल ढोसायचे. पाच गिअरची पेटी टाकली तर तेच इंजिन निवांत फिरेल, असे सिद्धूचे म्हणणे.

सोपानच्या लेखी सिद्धू मिस्त्री होता तो केवळ हातात पाना होता म्हणून. इंद्रजित मालक होता तो बाप आधी जन्मला म्हणून. आणि हल्लीचे ड्रायव्हर? ते नुसते टेप ऐकत बसतात, गाडी बिचारी आपली आपण जाते.

हा तोरा मूळचाच होता, पण अलीकडे त्याचा उपयोगही होऊ लागला होता. सोपानचे कान गेले होते. कुणी काही विचारले की ‘तुला काय कळतंय’ म्हणायचे. जगातल्या निम्म्या प्रश्नांना हे उत्तर चालते. गाडी तो चप्पल काढून चालवायचा. लोक म्हणायचे, तात्या गाडीला देव मानतात. देव कसला! अनवाणी तळपायाला पत्र्याची थरथर लागायची, तळहाताला गिअरच्या दांड्याची, आणि इंजिन काय म्हणतेय ते त्याला त्यावरून कळायचे. बायकोलाही त्याने हे सांगितले नव्हते. ड्रायव्हर बहिरा म्हटल्यावर गाडी कोण देणार?

“तात्या,” सिद्धू समोर येऊन म्हणाला, “दत्तोबाच्या गाडीला हीच पेटी टाकलीया. तुमच्यासारखीच गाडी, त्येच इंजिन. एक चक्कर मारा आन् मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

दत्तोबाची गाडी दारातच उभी होती. इंद्रजित चहाला थांबला. सोपान चप्पल काढून बसला, सिद्धू शेजारी.

पहिला, दुसरा, तिसरा. दांडा लोण्यात फिरावा तसा फिरला. खाली सगळी नवी रबरे, थरथर गिळून टाकणारी. पत्रा गप्प, दांडा गप्प. सोपान पाय काय सांगतोय याची वाट बघत राहिला. शेजारून जाणाऱ्या ट्रकचा क्लीनर बाहेर डोकावून हातवारे करत होता. असतील त्याच्या डोक्यात किडे, असे सोपानला वाटले. तेवढ्यात सिद्धूने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दांडा ओढून चौथा टाकायला लावला. मग पाचवा.

“तात्या, इंजिन कवाधरनं बोंबलत हुतं,” सिद्धू त्याच्याकडे वळून म्हणाला. “तुमाला आवाज न्हाय आला?”

“तुला काय कळतंय!”

हे बोलताना सोपानची जीभ अडखळली. सिद्धू खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढे पुलाचा चढ आला. गाडी पाचव्यातच वर चढली, धाप नाही, कुरकुर नाही. पेटी चांगली होती. खोट काढायला सोपानने जंग जंग पछाडले, पण एक सापडेल तर शपथ.

गॅरेजात परतल्यावर सिद्धू इंद्रजितसमोर जाऊन उभा राहिला. सोपान त्याच्या ओठांकडे बघत होता.

“न्हाय जमायचं, इंद्रजितराव. तुमच्या इंजिनात दम न्हाय. पाचव्यात मरंल गाडी. तात्या म्हंत्यात त्ये खरं हाय.”

सोपानच्या अंगाची आग झाली. ज्याला आपण आजवर मिस्त्रीत धरला नाही, तो आपली कीव करतोय! आणि त्यासाठी धडधाकट गाडीला मरतुकडी ठरवतोय!

इंद्रजित वळला. “मग ऱ्हाऊ द्यायची का, तात्या? तुमी म्हणाल तसं.”

एक ‘व्हय’ म्हटले असते तर काम भागत होते. दुधाच्या फेऱ्या होत्याच. सोपानने सिद्धूकडे पाहिले. सिद्धूने मान खाली घातली होती.

“त्यो खोटं बोलतोय,” सोपान म्हणाला. “पेटी ब्येस हाय. बसव. गाडीला सोसंल.” मग घसा खाकरून म्हणाला, “मला सोसायची न्हाय. मला ऐकू येत न्हाय, इंद्रजित. लय दिस झालं.”

इंद्रजितचे ओठ हलले. काय म्हणाला ते सोपानने पाहिले नाही.

घरी निघताना इंद्रजित स्टेअरिंगवर बसला. सोपान डाव्या बाजूला गेला. दाराची मूठ ओढली, पुन्हा ओढली, दार हलेना. ते थोडे वर उचलून ओढावे लागायचे. गाडीत आजवर बसलेल्या झाडून सगळ्यांना हे माहीत होते, एका सोपानला सोडून. इंद्रजितने आतून वाकून दार उघडून दिले.