सहा गाड्यांचे फोटो

विजयश्रीने पेढ्यांचा पुडा आणि वकिलांचा चष्मा बाजूला सारला आणि टेबलावर फोटो एका ओळीत मांडले. सहा फोटो, सहा ट्रक. प्रत्येक ट्रकवर लोखंडी पाइपांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवरून करकचून आवळलेला केशरी बेल्ट आणि खाली कोपऱ्यात तारीख-वेळ.

"बघा ताई," दिग्विजयशेठ म्हणाला, "बेल्टशिवाय आपली एक गाडी गेटबाहेर पडत नाही. फोटो बघितल्याशिवाय मालवाली कंपनी गेटपासच देत नाही. आता पुढं रस्त्यात खड्डा आला, बेल्ट तुटला, त्याला मी काय करणार?"

हा दिग्विजयशेठ ट्रान्सपोर्टचा मालक. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या ट्रकवरून पाइपांचा गठ्ठा घसरला होता. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या वळणावर. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या मुरारीच्या, म्हणजे विजयश्रीच्या नवऱ्याच्या, अंगावर तो आला आणि मुरारीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेठ एकदाच दवाखान्यात आला होता, दोन शहाळी घेऊन. कॉटशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि शहाळी फोडायच्या आत निघूनही गेला. गाडी गेटात उभी असली की ती 'आपली' आणि माल पडला की ड्रायव्हरची, असा त्याचा सरळ कारभार होता. ड्रायव्हर तेव्हापासून गावी पळालेला.

"तडजोडीचा विचार करा," गणराज वकील म्हणाले. हे विजयश्रीचे वकील. पिंपरीत मिठाईच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं आणि त्यांच्या सल्ल्यांनाही तसाच तुपकट वास यायचा. "ते म्हणतात माल बांधलेला होता, तुमचे मिस्टर वेगात होते. फोटो त्यांच्या बाजूने आहेत. यार्डात खरं काय चालतं ते सांगणारा लाईनीतला माणूस मिळाला तर गोष्ट वेगळी. पण लाईनीतला माणूस लाईनीविरुद्ध कशाला बोलेल? जे देतायत त्यात जयपूर फूट बसेल, वर थोडं उरेल."

विजयश्रीने शेठच्या फाइलचं पान उलटलं. आत सुरक्षा सप्ताहात मिळालेल्या ढालीचाही फोटो लावलेला होता. ढाल हातात धरून शेठ हसत होता. एका अपघाताच्या दाव्यात अपघातवाल्या गाडीचा एक फोटो दिला असता तरी भागलं असतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही आणि शेठची खोड मिरवायची. त्या दुपारच्या सगळ्या सहा गाड्या त्याने जोडल्या होत्या, आपली शिस्त दिसावी म्हणून.

"याच्या झेरॉक्स द्या मला," ती म्हणाली. "रंगीत."

"घ्या की," शेठ म्हणाला. "लपवायला आहे काय!"

विजयश्री एका सुट्या भागांच्या कंपनीत शेवटच्या तपासणीला होती. आठ तास दिव्याखाली भाग फिरवायचा, चरा, तडा, बुडबुडा शोधायचा. तिच्या हातून वाईट भाग पुढे गेला असं अकरा वर्षांत तीनदाच झालं होतं आणि त्या तिन्ही वेळा तिला आठवत होत्या. शेठच्या जागी तिच्या लाईनवरची एखादी शिकाऊ मुलगी असती तरी तिने असे फोटो कुणाच्या हाती दिले नसते.

घरी आल्यावर तिने चहासुद्धा घेतला नाही. फोटो खाली फरशीवर पसरले आणि गुडघ्यांवर बसून पाहू लागली. मुरारी बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. सासू, कुशाबाई, उंबऱ्यात लसूण सोलत होती. चौथ्या फोटोवर विजयश्री थांबली, मग दुसऱ्यावर गेली, मग एकदम हसली. चौदा महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"काय मूर्ख माणूस आहे हो! एकच बेल्ट आहे सगळीकडे. हे बघा, इथं फाटलाय आणि सुतळीने शिवलाय. तीन टाके, मधला तिरका. पहिल्या गाडीवर तोच, दुसऱ्या गाडीवर तोच. तुमच्यावर माल पडला ती तिसरी गाडी, तिच्यावर चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तोच बेल्ट. आणि चार-पस्तीसला तोच चौथीवर! मग तिसरी गाडी गेटबाहेर गेली ती कशाने बांधून? फोटो काढायचा, बेल्ट सोडायचा, पुढच्या गाडीला लावायचा. असल्या माणसाला ढाल देतात!"

तिने फोटो मुरारीपुढे धरला. त्याने तो हातात घेतला नाही.

"बेल्ट फोटोपुरतंच असत्यात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चांगला बेल्ट म्हाग असतो. गाडीबरोबर गेला की परत येत न्हाई. मग यार्डात दोन-तीन ठिवत्यात. फोटो झाला की काढून घेत्यात. वर नुसती दोरी."

विजयश्री अजून हसतच होती. ते हसू उतरायला थोडा वेळ लागला.

मुरारी अपघातापर्यंत चाकणच्याच एका यार्डात होता, अर्जुनरावांच्या. दिग्विजयशेठच्या नव्हे. माल भरून घ्यायचा आणि गाड्या सोडायच्या, हे त्याचं काम. तिला एवढंच माहीत होतं. तो दमून यायचा, हाताला वंगण असायचं, ते ती साबणाने घासून काढायला लावायची.

"तुमच्या यार्डातही?"

"समद्याच यार्डात."

"आणि बेल्ट कोण काढायचं?"

कुशाबाईचा लसूण सोलणारा हात थांबला.

"मीच," मुरारी म्हणाला. "नऊ वर्सं."

या सगळ्या भानगडीत एकच माणूस स्वच्छ आहे, असं विजयश्री चौदा महिने धरून चालली होती. शेठ चोर, ड्रायव्हर पळपुटा, वकील तुपकट, पाय पाहायला येऊन तीन-तीन कप चहा रिचवणारे पाहुणे फुकटे. फक्त तो तेवढा चांगला, ज्याचं काही चुकलं नाही. त्याच्यासाठी ती ओव्हरटाइम करून कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. आता तिला त्याची किळस आली. किळस आल्याची लाजही वाटली नाही.

"दवाखान्यात शुद्धीवर आलात तेव्हाच माहीत होतं तुम्हाला. माल का पडला ते."

"पडतानाच म्हाईत हुतं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं? अर्जुनराव म्हणलेत, दावा मिटला की काट्यावर बसायला ये. गाड्यांचं वजन लिव्हायचं, बसून काम. मी त्वांड उघडलं तर या लाईनीत मला कोण उभं करंल? आन उभं ऱ्हायला पाय तरी कुठंय."

"किती दिवस लपवणार होता?"

"मरस्तवर," मुरारी म्हणाला. निदान हे तरी त्याने खरं सांगितलं.

"घरातलं घरात ऱ्हाऊ दे गं," कुशाबाई म्हणाली. "त्यानं एकट्यानं केलंय व्हय? समदी दुनिया करती."

"वकील म्हणतात, लाईनीतला माणूस पाहिजे," विजयश्री म्हणाली. "मी सगळ्या चाकणात शोधत फिरले असते. आणि तो इथं बाजेवर बसून माझ्या हातची भाकरी खातोय."

तिने फोटो गोळा केले. तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. ताट, औषध, कुबडी. सांगायचंच, असं तिने म्हटलं नाही. सांगू नका, असंही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मुरारीने तिच्याकडे गणराज वकिलांचा नंबर मागितला. फोनवर तो बराच वेळ बोलत होता आणि त्या वेळात ती मोरीत भांडी घासत राहिली. दुपारपर्यंत अर्जुनरावांच्या कानावर गेलं असावं. संध्याकाळी त्यांच्या माणसाचा फोन आला. काट्यावरच्या जागेवर दुसरा माणूस घेतला आहे, एवढंच त्याने सांगितलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टात दिग्विजयशेठ पहिल्या बाकावर होता. मुरारी कुबडीवर आत आला तेव्हा शेठने उठून जागा करून दिली आणि हळूच म्हणाला, "भावा, लाईन कशी चालते ते तुलाही माहितीये."

"म्हाईत हाय," मुरारी म्हणाला आणि दुसऱ्या बाकावर बसला.

पिंजऱ्यात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. बेल्ट, सुतळी, फोटो, दोरी. न्यायाधीशांनी सहा फोटो पुढे ओढून घेतले आणि तीन टाके स्वतः पाहिले. शेठचा चेहरा कसा झाला ते विजयश्रीने डोळे भरून पाहून घेतलं. मग शेठचे वकील उलटतपासणीला उठले. त्यांचा माणूस बुडत होता, तेव्हा दुसऱ्यालाही सोबत बुडवावं, असा त्यांचा बेत दिसत होता.

"म्हणजे तुम्ही स्वतः नऊ वर्षं बेल्ट काढून गाड्या सोडत होता?"

"व्हय."

"रोज किती?"

"धा. बारा."

"मग त्यातल्या एकाही गाडीचा माल पडला नाही? कुणाला इजा झाली नाही?"

न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"म्हाईत न्हाई, साहेब," मुरारी म्हणाला. "गाडी गेटाबाहेर गेली की मी पुढच्या गाडीला बेल्ट लावायचो."

"नंतर कधी चौकशी केली?"

"न्हाई. कदीच न्हाई."

वकील खाली बसले. न्यायाधीशांनी उत्तर लेखनिकाला शब्दाशब्दाने सांगितलं आणि तो टाइप करू लागला. दाव्याला हे फार चांगलं झालं, असं गणराज वकील कुजबुजले. विजयश्रीने ऐकलं. नऊ वर्षांच्या, रोज दहा-बारा गाड्या. ती तोंडी आकडेमोड करायला लागली आणि मध्येच थांबली.

साक्ष संपली होती, तरी मुरारी पिंजऱ्यातून हलला नाही. कुबडी कठड्याला टेकवलेली होती आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत उभा होता. पुढचं प्रकरण पुकारायचं होतं. शिपायाने बाकांवरून नजर फिरवली.

"यांच्याबरोबर कोण आहे? बाई, हे तुमचे मिस्टर ना?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले, शेठसुद्धा.

"हो," विजयश्री म्हणाली. "माझेच आहेत." आणि ती उठली.