सुऱ्यांच्या दुकानातला शेगडा

मी एक जुना शेगडा आहे, मित्रांनो. सुऱ्या घडवणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर माझा जन्म गेला. काम धरून ठेवायला दोन लोखंडी जबडे आणि ते आवळायला एक दांडा, एवढाच माझा संसार.

कारागिराचा हात सोन्याचा होता, पण जीभ विळ्यासारखी. त्याच्या मुलाला भट्टीची धग सोसेना, म्हणून सून शिकायला उभी राहिली. तिचं पहिलं पातं त्याने माझ्या जबड्यात आवळलं आणि गिऱ्हाइकांदेखत वाकवलं. टक्‌! दोन तुकडे.

"सूनबाई, हे पातं आहे की बिस्कीट?"

लोक हसले. का मोडलं ते त्याने सांगितलं नाही. कधीच सांगत नसे. सून तुकडे पदरात घेऊन उजेडात बघत बसे. मोडलेली कड साखरेसारखी रवाळ दिसली, की लोखंड जास्त तापलं असं तिचं तिनेच ओळखलं. किती पाती मी अशी धरली आणि किती मोडली! पण एक दिवस तिचं पातं माझ्या जबड्यात वाकलं आणि सोडताच सरळ झालं. म्हाताऱ्या कारागिराने ते पातं आपल्या पात्यांशेजारी टांगलं.

मग खाटीक, आचारी, सगळे सुनेचीच सुरी मागू लागले. तिच्या डोक्यात हवा गेली. इकडे म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तापलेल्या लोखंडाचा रंग त्याला दिसेना. तरी मासे विकणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकिणीसाठी त्याने हट्टाने सुरी केली आणि सुनेपुढे धरली.

"बघ गं, जमलीय का?"

दुकान भरलेलं होतं. सुनेने ती माझ्यात आवळली आणि वाकवली. मोडली.

"मामंजी, बिस्कीट झालं की हो!"

या वेळीही लोक हसले. म्हातारा खाली बसून चाचपडत तुकडे गोळा करू लागला. तळहात कापला, तरी थांबला नाही. "परवा या," तो मासेवालीला म्हणाला, "सून चांगली करून देईल."

त्यानंतर तो दुकानात आला नाही.

पुढे सुनेची नव्या लोखंडाची पाती एकामागून एक तडकू लागली. कारण सापडेना. शेवटी माझ्यात गच्च आवळलेलं एक पातं सोडवून ती म्हातारा पडून असे त्या मागच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"मामंजी, हात लावून सांगा ना, काय चुकतंय?"

"माझ्या हातात नको देऊस, पोरी." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी तुला मोडणं तेवढं नीट शिकवलं. घडवणं तुझं तूच शिकलीस. हेही शिकशील."

सून पातं घेऊन माघारी आली. त्याने कूस बदलली. थंडी सरायच्या आत तो गेला.

आता तिच्याकडे दोन मुली शिकतात. त्यांची पाती ती गिऱ्हाईक गेल्यावर तपासते. मोडलं, तर तुकडा मुलीच्या हातात देऊन विचारते, "काय दिसतंय, सांग."

माझे आटे गंजलेत, मित्रांनो. मला आवळलं की सगळं टेबल करकरतं. थोडं तेल घालाल, तर अजून बरीच वर्षं धरून ठेवीन. पण कुणी कष्टाने केलेलं काम पारखायला माझ्यात द्याल, तेव्हा आधी दुकानाचं दार लोटून घ्या.