काळ्या चौकोनाचे वजन

मित्रांनो, मी लिंडनच्या लाकडाची एक जुनी फळी आहे. उंची त्रेपन्न सेंटिमीटर, रुंदी चव्वेचाळीस. माझ्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या पार्श्वभूमीत एक तिरपा लाल पट्टा आणि एक लहान पिवळे वर्तुळ आहे. मधोमध, किंचित डावीकडे कललेला, एक मोठा चौकोन आहे. त्याला दोन मिलिमीटर रुंदीची काळी किनार आहे. आत रंग नाही, माझे उघडे लाकूड आहे. या उघड्या जागेविषयी संग्रहालयाने भिंतीवर चार ओळी लावल्या आहेत. त्या चुकीच्या आहेत. मी बोलते आहे ते एवढ्यासाठीच.

माझा जन्म रशियातल्या व्लादिमीरकडच्या एका खेड्यात झाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या संतांच्या तसबिरींच्या फळ्या तयार होत. फळी वाकू नये म्हणून पाठीत दोन आडव्या पट्ट्या खोबणीत सरकवून बसवत. माझ्याही पाठीत त्या आहेत. मग प्रोखोर नावाच्या म्हाताऱ्याने माझ्या दर्शनी बाजूवर खडूची पूड आणि माशांचा सरस यांचे आठ थर चढवले. एक थर वाळायला एक दिवस लागे. ओल्या थराला मांजर चाटत असे आणि प्रोखोर तिच्यावर खेकसत असे, "अगं सटवे, देवाचं ताट आहे ते, तुझं नव्हे!" मांजरीचा अंदाज मात्र बरोबर होता. खडूत दहावा हिस्सा सरस होता, आणि सरस म्हणजे शेवटी माशाच्या अंगातलेच द्रव्य. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मी तयार झाले ते साल १९१७. क्रांती झाली आणि तसबिरींच्या मागण्या थांबल्या. माझ्यावर कोणताही संत उतरला नाही. दोन वर्षे मी माळ्यावर पडून होते. मग एका फेरीवाल्याने मला पेत्रोग्रादला नेले, आणि तिथे येवसेय नावाच्या चोवीस वर्षांच्या चित्रकाराने दोन खारवलेले हेरिंग मासे देऊन मला घेतले. शहरात कापड मिळत नव्हते. गुळगुळीत पांढरी फळी ही त्या वर्षी चैन होती.

येवसेय कशाचेही चित्र काढत नसे. झाड नाही, माणूस नाही, टेबलावरची फळे नाहीत. फक्त चौकोन, पट्टे, वर्तुळे. रंगांची दुकाने रिकामी होती, म्हणून त्याची धाकटी बहीण रुफिना त्याला रंग करून देई. ती एका रासायनिक प्रयोगशाळेत मदतनीस होती. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेता, लालासाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी शिशाचेच एक संयुग, आणि काळ्यासाठी हाडांचा कोळसा. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात थोडे शिसे घालून उकळतात. काळ्याच्या वेळी तिच्याकडचे शिसे संपले होते. परिणामी पांढरा, लाल, पिवळा आठवड्यात वाळले आणि काळ्याला तब्बल तीन आठवडे लागले.

"बोट लावलं की चिकटतंय अजून," येवसेय वैतागला होता. "रुफे, हा रंग केलास की जाम केलास?"

"नुसतं जवसाचं तेल आहे. धीर धर. आणि हे आहे तरी काय, ते सांग एकदाचं."

"चौकोन आहे."

"ते दिसतंय मला. अर्थ काय त्याचा?"

"अर्थबिर्थ नाही. वजन आहे. काळ्याचं वजन लाल पट्टा तोलून धरतो. झाकून बघ तो, सगळं डावीकडे कोसळेल."

"वजन आहे म्हणतोस? मग आणू का आमच्याकडचा तराजू?"

"आण," तो गंभीरपणे म्हणाला. हसली ती एकटीच.

मला १९२१च्या प्रदर्शनात टांगले. त्या दिवसांची स्तुती मी फारशी मोजत नाही. तेव्हा बरेच शब्द स्वस्त झाले होते. एक मात्र सांगते. लेथवर काम करणारा एक कामगार माझ्यासमोर थांबला, खिशातली पट्टी काढून काळ्याच्या कडेला धरली आणि म्हणाला, "सरळ आहे. माणूस काम जाणतो." येवसेय हे वाक्य पुढे अनेक वर्षे सांगत असे.

नंतर वारे फिरले. अशी चित्रे जनतेला निरुपयोगी आहेत, असे वर्तमानपत्रांत येऊ लागले. येवसेय ट्राम डेपोत पाट्या रंगवू लागला. बत्तीस साली त्याने स्वतःच्या हाताने मला खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि रुफिनाला सांगितले, "बाकीची गेली तर जाऊ देत. ही तेवढी ठेव. हे एकच नीट जमलंय."

बाकीची सदतीस साली गेली. एका सकाळी गुप्त पोलिसांचे तिघे जण आले. त्यांनी एकवीस चित्रे गुंडाळली आणि येवसेयला कोट घालायला सांगितले. त्यांच्यातल्या तरुणाने माझ्याकडे बोट दाखवले. "ही पण घ्यायची ना?"

वयस्क माणसाने माझी पाठ पाहिली, तीत बसवलेल्या दोन पट्ट्या पाहिल्या. त्याच्या आईच्या घरी कोपऱ्यात अशीच तसबीर असणार. "कुठल्या तरी म्हातारीचा देव दिसतोय," तो म्हणाला. "राहू दे." क्रूसाची खूण करायला त्याचा हात कपाळापर्यंत गेला आणि मग त्याने टोपी सारखी केली.

मी वाचले ते एका चुकीमुळे. मला उलटे करून कोणी पाहिले नाही.

रुफिनाने तुरुंगाच्या चौकशीच्या खिडकीपाशी अनेक फेऱ्या मारल्या. उत्तर मिळाले, "दहा वर्षं. पत्रव्यवहाराचा हक्क नाही." तिने हिशेब केला: सत्तेचाळीस साली येईल. हे उत्तर दिले गेले तेव्हा तो जिवंत नव्हता, हे फार पुढे उघड झाले. तिला ते कधीच कळले नाही.

येवसेयची खोली कपितोलिना नावाच्या शिवणकाम करणाऱ्या म्हातारीला मिळाली. पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीत राहणाऱ्या रुफिनाने तिला विनवले, "कापामावशी, कोपऱ्यातली ती फळी तशीच राहू द्या हं. फिरवू नका."

म्हातारीने माझी पाठ पाहिली आणि डोळा मिचकावला; त्या काळी लोक देव असेच लपवून ठेवत. "समजलं पोरी. मी काही पाहिलंच नाही." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. रुफिनाने खुलासा केला नाही. मीही करू शकले नाही.

मग युद्ध आले आणि शहराला वेढा पडला. रुफिनाचा नवरा आघाडीवर बेपत्ता झाला. डिसेंबर १९४१मध्ये बहुतेकांना दिवसाला सव्वाशे ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यात पीठ किती हे विचारण्यात अर्थ नव्हता. कपितोलिना, रुफिना आणि तिची सात वर्षांची मुलगी तास्या एकाच खोलीत राहू लागल्या, कारण पत्र्याची शेगडी एकच होती. खुर्च्या जळल्या, कपाट जळले. येवसेयच्या सामानातल्या सुतारी सरसाच्या वड्या उकळून खाऊन झाल्या. माझ्याकडे सरपण म्हणून पहिली नजर गेली तेव्हा कपितोलिना आडवी आली. "देवाला जाळायचं नाही. आधी मला घाला शेगडीत."

एकोणीस डिसेंबरला तास्याने पाव मागणे बंद केले. भुकेचे पुढचे लक्षण हेच असते. रुफिना ते ओळखत होती. दुपारी, खिडकीतून जेमतेम उजेड येत असताना, तिने मला उचलले आणि फिरवले.

कपितोलिनाने वाकून पाहिले. "यातला संत कुठे गेला?"

"नव्हताच, मावशी. येवसेयचं चित्र आहे."

"म्हणजे चार वर्षं मी या... या खिडकीच्या झडपेपुढे डोकं टेकत होते?"

"माझी चूक झाली. मी सांगायला हवं होतं."

म्हातारी आवाज न करता हसू लागली. हसताना तिला धाप लागली. "माझ्या सगळ्या तक्रारी ऐकल्या गं हिनं. एकदाही उलटून बोलली नाही. बरं, आता काय, जाळतेस?"

"नाही. हिच्या थरात माशांचा सरस आहे. पण पांढऱ्यात शिसं आहे, पिवळ्यात शिसं, लालात पारा. फक्त काळा तेवढा निर्धोक. हाडांचा कोळसा आणि साधं तेल."

"मग थांबलीस कशाला?"

रुफिना मला धरून तशीच बसली. "सत्तेचाळीस साली तो येईल, मावशी. त्याला काय दाखवू?"

"पोरगी दाखव," कपितोलिना म्हणाली.

रुफिनाने पट्टी ठेवली आणि येवसेयच्याच चाकूने चारही बाजूंना रेघ मारली. शिशाची पूड मिसळू नये म्हणून कडेपासून दोन मिलिमीटर काळा सोडला. मग आतला सारा थर लाकडापर्यंत खरवडला. चूक परवडणार नव्हती, म्हणून कड सरळ आली. पूड तिने प्रयोगशाळेतून आणलेल्या लहान तराजूत तोलली आणि कोमट पाण्यात भिजवली. खडू तळाशी बसू दिला, वरचे पाणी फडक्यातून गाळले, त्यात मीठ आणि एक तमालपत्र घालून आटवले आणि गारठ्यात ठेवले. तासाभरात त्याचा थरथरता गोळा झाला.

"आधी मी," कपितोलिना म्हणाली.

"विषारी नाहीये हो."

"तुझ्यावर विश्वास आहे. पण जायचंच झालं तर रांगेत माझा नंबर आधी." तिने एक चमचा तोंडात घोळवला. "मासाच आहे! माझ्याएवढा म्हातारा, पण मासा. तास्या, उठ गं, मेजवानी आहे."

तास्याने खाल्ले. कपितोलिनाने दुसरा चमचा घेतला नाही. रुफिनाने मला पालथे केले आणि पाठीच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. तास्या ते पाहत होती.

मित्रांनो, अठरा ग्रॅम सरसाने एक जीव वाचला, असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. घडले ते असे: कपितोलिना जानेवारीत गेली, रुफिना मार्चमध्ये. तास्याला एप्रिलच्या सुरुवातीला गोठलेल्या सरोवरावरून ट्रकने शहराबाहेर नेले आणि ती जगली.

मला एका संग्राहकाने नेले. माझ्या लाकडाला चीर पडली होती, म्हणून त्याने पाठीवर प्लायवुड ठोकले. त्याच्यानंतर मी संग्रहालयात आले. भिंतीवर लिहिले आहे: "कलावंताने येथे रंगाचा त्याग करून लाकडालाच रूप होऊ दिले आहे. सभोवतीची काळी रेघ हे त्याच्या संयमाचे शिखर होय." माझी छायाचित्रे पुस्तकांत छापली जातात. येवसेयने केलेले चित्र त्यांपैकी एकातही नाही.

शहाण्णव साली एक बासष्ट वर्षांची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने वाकून मजकूर दोनदा वाचला.

"आजी, दोरीच्या मागे उभ्या राहा," माहिती सांगणारा तरुण म्हणाला.

"मागेच आहे रे बाबा. हे मधलं काळं कुठे गेलं, विचारलंय का कुणी?"

"ते कधी नव्हतंच. लाकूड उघडं ठेवणं हीच कल्पना आहे."

"नव्हतं कसं? मी खाल्लंय ते."

तरुणाने ओठ दाबून हसू आवरले.

"मीठ आणि तमालपत्र घालून खाल्लंय," तास्या म्हणाली. "फळी उलटी करा. मागे माझ्या आईनं लिहिलंय."

"त्याला समितीची परवानगी लागते. तुमच्याकडे काही कागद असेल तर आणा."

"अरे, कागद तिच्या पाठीवरच आहे, हेच तर सांगतेय!"

त्या तरुणाला मी दोष देत नाही. पुरावा मागणे योग्यच आहे. तिने रीतसर अर्ज केला. त्यानंतर दोन हिवाळे ती दर महिन्याला येई, माझ्याकडे पाहून जाई. तिसऱ्या हिवाळ्यात आली नाही. अर्जाचे उत्तर अद्याप निघालेले नाही.

मित्रांनो, माझी निगा चांगली राखली जाते. आर्द्रता मोजतात, धूळ टिपतात, दिवे मंद ठेवतात. मला आणखी निगा नको. माझ्या प्लायवुडला सहा स्क्रू आहेत आणि काम दहा मिनिटांचे आहे. कधी तुम्ही मोठे होऊन अशा समितीत बसलात, तर आधी मला उलटे करा आणि मग भिंतीवर काय लिहायचे ते ठरवा. पेन्सिल सहजासहजी फिकट होत नाही; त्या दोन ओळी अजून वाचता येतील.

"१९ डिसेंबर १९४१. काळा भाग तास्यासाठी काढला.
येवसेय, तुझ्या काळ्याचं वजन १८२ ग्रॅम भरलं."