खालची कडी

बाथरूमच्या दाराला बाहेरूनही कडी लागते, हे घर घेताना कुणी सांगत नाही. साधनाला आठवड्याभरात कळलं. शेजारच्या नवसाबाईंचं मांजर झरोक्यातून आत शिरायचं आणि बाथरूममधून थेट दुधाच्या पातेल्याकडे!

पाथर्डी फाट्याजवळचा हा फ्लॅट साधनाचा, तिच्या एकटीच्या नावावरचा. वय एकोणचाळीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्न केलेलं नाही. आत्तापर्यंत ती पंचवटीत नवनाथदादाच्या घरी राहत होती. दादाचा फुलांचा गाळा, स्वभाव तापट, आणि बहिणीवर जीव असा की तिला श्वास घेणं मुश्किल. घर घेतलं म्हटल्यावर तो महिनाभर नीट बोलला नाही. मग म्हणाला, "एकट्या बाईला घर झेपत नाही. साधा खिळा ठोकायला माणूस लागतो."

झालं, बाई पेटली हट्टाला. भिंती तिने रंगवल्या, नळाचे वायसर तिने बदलले. बाथरूमचं दार खाली घासत होतं, तेही तिने घासपेपरने घासलं. इतकं घासलं की खाली बोटभर फट राहिली. आणि शनिवारी कडी लावली. उभी कडी दाराला वर लावायची असते, हे तिलाही ठाऊक होतं. पण स्टूल डगमगत होतं आणि धरायला कुणी नव्हतं. दोनदा चढून ती दोनदा खाली उतरली. शेवटी जमिनीवर बसून तिने कडी खाली लावली, दांडा उंबऱ्यातल्या भोकात उतरेल अशी. आपल्याच हुशारीवर खूश होऊन चहा प्यायली.

रविवारी दुपारी दादा यायचा होता. त्याने एक भाडेकरू पाहून ठेवला होता. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि साधनाने पंचवटीला परतायचं, असा त्याचा बेत. आज तिने हो किंवा नाही सांगायचं होतं. नाहीच सांगायचं, हे तिचं ठरलेलं. म्हणून घर लख्ख करून ती अंघोळीला गेली. झरोक्यातून वारा आला, दार धाडकन आपटलं आणि बाहेर 'टक्' असा आवाज झाला. दांडा वर केल्यावर खाचेत फिरवून ठेवायचा असतो. तेवढं राहिलं होतं. तो आपल्याच वजनाने खाली पडला होता.

साधनाने दार ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. पाय भिंतीला टेकवून ओढलं. दार ढिम्म हलेना. अगं बाई, आपण आपल्याच घरात कोंडलो गेलो!

ओरडावं तर नवसाबाई धावून आल्या असत्या. पण बाहेरचं दार आतून बंद, दोन्ही किल्ल्या आतल्या खिळ्याला. एक किल्ली दादाने मागितली होती, तिने ठसक्यात नाही म्हटलं होतं. म्हणजे चार माणसं जमणार, दार फोडणार आणि नेमका तेव्हाच दादा जिन्यातून वर येणार. तो काही बोलणारही नाही, नुसती तिची बॅग भरायला घेईल. ते डोळ्यांसमोर आलं आणि तिला रडूच फुटलं. अंग पुसून, साडी गुंडाळून ती उलट्या बादलीवर बसली. चार बाय सहाची जागा, वर पाण्याचा थेंब टपटपतोय, आणि जीव नुसता गुदमरतोय.

बेल वाजली. एकदा, दोनदा, मग लांबलचक.

"साधने!" दादाचा आवाज. तिने तोंडावर हात दाबून धरला.

"बाहेर गेली असेल हो," नवसाबाई म्हणाल्या.

"येईल की. मी बसतो इथंच पायरीवर."

आता आली का पंचाईत! तो उठणार नाही आणि हिला सुटता येणार नाही. साधनाने फळीवरची जीभ घासायची स्टीलची पट्टी घेतली, सरळ केली, टोकाला आकडा वळवला. ओल्या फरशीवर पालथी पडून ती पट्टी तिने दाराखालच्या फटीतून बाहेर घातली आणि वर वळवली. दांड्याची मूठ आकड्याला लागायची आणि निसटायची. कोपर सोलवटलं, मान आखडली. किती वेळा निसटली देव जाणे. मग आकडा अडकला, दांडा वर सरकला आणि दार उघडलं.

पदर सारखा करून तिने बाहेरचं दार उघडलं. "झोप लागली होती रे दादा."

दादाने तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं. भिंतींवरून त्याने बोट फिरवलं, नळ सोडून पाहिला. "बरं केलंयस," असं नाइलाजाने म्हणाला आणि पाय धुवायला बाथरूममध्ये गेला. साधना चहाचं आधण ठेवत होती. धाडकन. टक्.

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

आतून दार ओढल्याचा आवाज आला. पुन्हा ओढल्याचा. मग धक्के. मग काहीच नाही. चहा उकळून उतू गेला तरी दादा हाक मारेना. साधना दाराबाहेर उभी राहिली. आत तो कुठे बसला असेल हे तिला नेमकं ठाऊक होतं. मघाशी तीही अशीच बसली होती, तोंड दाबून. तिला हसू आलं आणि लगेच त्याची कीवही आली.

बऱ्याच वेळाने आतून हलका आवाज आला. "साधने... जरा बघ गं."

तिने दांडा उचलला. दादा घामाने निथळत होता.

"कडी मी चुकीची लावली," ती म्हणाली. "तू बेल वाजवत होतास ना, तेव्हा मी आतच अडकले होते."

"मी दारात बसलो होतो की गं! हाक मारायला काय झालं होतं?"

"आणि तुला काय झालं होतं?"

रुमालाने मान पुसत दादाने खाली कडीकडे पाहिलं. "ही वर लावतात. खाली का लावलीस?"

"स्टूल हलतं. धरायला कुणी नव्हतं."

भाडेकरूचा विषय निघाला नाही. मग त्याने हात पुढे केला. "आण स्क्रू ड्रायव्हर."

"नाही," साधना म्हणाली. "कडी मीच लावणार. तू स्टूल धर."

ती चढली. दादाने खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.